रात्री दोनला फोन कोण उचलणार?

माझे मामा जुन्नर तालुक्यात शेती करतात. अडीच एकर. कधी टोमॅटो, कधी मेथी-कोथिंबीर, थोडा उन्हाळी कांदा. मागे दातांच्या कामासाठी ते आमच्याकडे भांडुपला आठवडाभर राहिले होते. रोज रात्री दोनच्या सुमारास ते उठायचे, बाल्कनीत जायचे आणि हळू आवाजात कुणाशी तरी बोलायचे. पलीकडे वाशीच्या मार्केटातला त्यांचा आडत्या असायचा. गाडी पोचली का, आवक किती आहे, काल काय भाव निघाला, आज काय निघेल. दोन मिनिटांचं बोलणं. मग आत येऊन झोपायचे, निदान झोपल्यासारखं करायचे.

एका सकाळी चहाच्या वेळी मी शहरातल्या माणसाचा ठरलेला प्रश्न विचारला, "मामा, हे दलाल मधून काढूनच टाकले तर?"

मामांनी बिस्कीट चहात बुडवलं. "काढ की. पण मग रात्री दोनला फोन कोण उचलणार? तू?"

त्या दिवशी मी हसून विषय सोडला. नंतर मात्र जमेल तशी माहिती घेत गेले, एकदा मामांबरोबर रात्री वाशीलाही जाऊन आले. छोटा शेतकरी मधल्या माणसावर इतका का अवलंबून असतो, याचं उत्तर ‘दलाल लबाड असतात’ या तीन शब्दांत मावत नाही, एवढं त्यातून कळलं. दलाल लबाड असतातही. पण सगळे साधू निघाले तरी मामांची अडचण फारशी कमी होणार नाही.

आधी माणसं ओळखून घेऊ. ‘दलाल’ या एका शब्दात आपण पाच-सहा वेगवेगळे लोक कोंबतो. रानातून टोमॅटो निघाला की पहिला भेटतो हुंडेकरी. गावोगावच्या शेतकऱ्यांचे वीस-वीस, तीस-तीस क्रेट एका गाडीत भरून तो वाशीला नेतो. कुणाचे किती क्रेट, कुणाचा माल कुठल्या गाळ्यावर उतरायचा, सगळं त्याच्या वहीत. मार्केटात माथाडी कामगार माल उतरवतात. मग येतो आडत्या. हा माल विकत घेत नाही. शेतकऱ्याच्या वतीने विकतो आणि विक्रीवर टक्केवारी घेतो, तिला आडत म्हणतात. त्याच्याकडून माल उचलतो तो खरेदीदार व्यापारी. त्याच्याकडून दादर, भायखळा किंवा उपनगरातला छोटा घाऊकवाला. शेवटी आपल्या स्टेशनबाहेरचा हातगाडीवाला. याशिवाय आणखी एक आहे जो बाजारात दिसतच नाही. तो थेट बांधावर येतो, उभं पीक बघतो आणि भाव करून माल घेऊन जातो. त्याला शिवार खरेदी म्हणतात.

आता पैसे. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२४ मध्ये काही अभ्यासनिबंध प्रसिद्ध केले. त्यांचा अंदाज असा, की ग्राहक एक रुपया मोजतो तेव्हा त्यातले टोमॅटोत सुमारे ३३ पैसे, कांद्यात ३६ आणि बटाट्यात ३७ पैसे शेतकऱ्याला मिळतात. उरलेले दोन तृतीयांश वाटेत जातात. हा आकडा वाचला की डोळ्यांसमोर वाशीचा गाळेवाला येतो, पांढरा शर्ट, हातात दोन फोन. पण सर्वांत मोठा टक्का त्याच्याकडे जात नाही.

समजण्यापुरता एक हिशोब मांडते, आकडे माझे आहेत. आमच्या स्टेशनबाहेरचा भाजीवाला पहाटे दोन क्रेट टोमॅटो घेतो. चाळीस किलो, २० रुपये किलोने ८०० रुपये. टेम्पोतला त्याचा हिस्सा आणि किरकोळ खर्च १०० रुपये. दिवसभरात पाच किलो माल दबतो, नासतो, किंवा आपणच दाबून दाबून परत ठेवतो. उरलेले पस्तीस किलो तो ४० रुपयांनी विकतो, १,४०० रुपये येतात. म्हणजे त्याने भाव दुप्पट केला आणि चौदा तास उन्हात उभं राहून ५०० रुपये कमावले. महापालिकेची गाडी आली तर तेही नाहीत. वाशीचा आडत्या त्याच रात्री समजा चारशे क्रेट विकतो. १ लाख ६० हजारांचा माल. सहा टक्क्यांनी त्याचे ९,६०० रुपये. टक्का हातगाडीवर मोठा, रक्कम गाळ्यावर मोठी. दोघांनाही ‘दलाल’ म्हणून एकाच तराजूत टाकलं की काहीच कळेनासं होतं.

मग आडत्या निर्दोष? तसंही नाही. तो शेतकऱ्याचा प्रतिनिधी आहे, त्याची कमाई टक्केवारीवर आहे, म्हणजे भाव वाढला तर त्याचाही फायदा, असं आपल्याला वाटतं. मलाही वाटायचं. पण मामांचे शंभर क्रेट ४०० रुपयांनी गेले तर ४० हजार, आडत २,४००. आडत्याने तासभर घासाघीस करून भाव ४२० वर नेला, तर मामांचे २,००० रुपये वाढतात आणि आडत्याचे वाढतात १२०. त्याच तासात दुसऱ्या कुणाचे शंभर क्रेट ४०० ने विकले तर त्याला आणखी २,४०० मिळतात. तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केलं असतं? शिवाय खरेदीदार रोज येणारा, नगद नाहीतर चार दिवसांनी पैसे देणारा, वर्षानुवर्षांचा ओळखीचा. शेतकरी दीडशे किलोमीटरवर, हंगामात दोन महिने माल पाठवणारा. आडत्या कुणाला नाराज करणार नाही, हे सांगायला नको. यात लबाडी असावीच लागत नाही, साधं गणितच त्याला खरेदीदाराकडे झुकवतं. लबाडी असलीच तर ती त्यावर आणखी. नात्यातल्या माणसाच्या नावाने स्वतःच माल घ्यायचा, वजनात कडता लावायचा म्हणजे थोडं वजन कापून धरायचं, विकलं चांगल्या भावाला आणि पट्टीवर लिहिलं कमी.

पट्टी म्हणजे विक्रीचा हिशोब लिहिलेली चिठ्ठी. किती नग, काय भाव, वजा काय काय, हातात काय. मामांकडे पट्ट्यांची एक पिशवी आहे, खुंटीला टांगलेली. जुनी पट्टी मागितली की मामी ती पिशवी पलंगावर उपडी करते, आणि घरातल्या दहा वर्षांचा इतिहास गादीवर पसरतो.

या पट्टीतल्या ‘वजा’ रकान्यात खरी मेख आहे. आडत याच रकान्यात असायची तेव्हाही ती टक्क्यात असे, भाव पडला की तीही पडे. गाडीभाडं, हमाली, तोलाई, तोडणीची मजुरी यांना भावाशी देणंघेणं नसतं. समजा वीस किलोच्या एका क्रेटमागे हे सगळं मिळून ७० रुपये होतात. क्रेट ४०० ला गेला तर शेतकऱ्याकडे ३३० राहतात. क्रेट १०० ला गेला तर ३०. भाव एक चतुर्थांश झाला, हातातले पैसे अकराव्या हिश्श्यावर आले. आणि त्या ३० रुपयांतून अजून रोपं, खतं, फवारणी, तारकाठी भागवायची आहे. भाव ७० झाला की बाजारात माल नेणंच मूर्खपणाचं. अशा वेळी शेतकरी प्लॉटमध्ये मेंढ्या सोडतात किंवा माल रस्त्यावर ओततात. शहरात आपण ती बातमी बघून हळहळतो, ‘निदान गरिबांना तरी वाटायचा’ म्हणतो. वाटायला आधी तोडावा लागतो, आणि तोडायला मजुरी लागते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारातली एक पट्टी देशभर फिरली होती. एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला, भाव लागला किलोला एक रुपया, आणि भाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन त्याच्या हाती आले २ रुपये ४९ पैसे. लोक व्यापाऱ्यावर तुटून पडले. पण नीट पाहिलं तर त्या पट्टीतली वजावट नेहमीचीच होती. बुडाला होता तो भाव.

भाव का बुडतो आणि बुडला तरी शेतकरी का विकतो, इथे मुख्य मुद्दा येतो: वेळ. मामांच्या तीन पिकांकडेच बघा. कोथिंबीर संध्याकाळी काढली की तिचं आयुष्य एका रात्रीचं. सकाळी नऊला मार्केट उलगलं की ती कचरा. टोमॅटो थोडा कच्चा तोडला तर चार-सहा दिवस तग धरतो. उन्हाळी कांदा नीट वाळवून चाळीत भरला तर चार-पाच महिने थांबतो. म्हणून कोथिंबीर विकताना मामांकडे ‘नाही’ म्हणायची सोयच नसते. गाडी वाशीत उतरली की तो माल त्या रात्री, त्या गाळ्यावर, मिळेल त्या भावाला जाणार. परत आणायचा तर भाडं दुप्पट आणि जुन्नरला पोचेपर्यंत पेंढ्या पिवळ्या. समोरच्याला हे माहीत असतं. जिथे एकाला थांबता येतं आणि दुसऱ्याला येत नाही, तिथे भाव कोण ठरवणार?

आता मोबाइलवर भाव कळतात, मग शेतकरी हुशार का होत नाही, असं आमच्या ऑफिसातल्या एकाने विचारलं. भाव कळतातच. पहाटे वाशीत काय निघालं ते सहा वाजता जुन्नरच्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर असतं. फक्त तोवर गाडी वाशीत रिकामी झालेली असते. उद्याच्या भावाचा अंदाज घेऊन आज तोडायचं थांबवावं, तर झाडावर पिकलेला टोमॅटो थांबत नाही. आणि आजचा चढा भाव बघून सगळ्यांनीच तोडणी काढली की उद्या आवक दुप्पट. २०२३ च्या मे महिन्यात टोमॅटोला किलोला दोन-तीन रुपये मिळेनात म्हणून शेतकऱ्यांनी तो फेकला. अनेकांनी प्लॉट मोडले. जुलैत मुंबईत तोच टोमॅटो दीडशेच्या पुढे गेला. मेमधल्या प्लॉटवाल्याला जुलैच्या भावाचा उपयोग शून्य.

ही झाली नासण्याची घाई. दुसरी घाई पैशांची असते, तिचं नाव उचल. लागवडीच्या वेळी रोपं, मल्चिंग पेपर, ठिबकच्या नळ्या, औषधं यांना एकरी मोठी रक्कम लागते. बँकेचं पीककर्ज मिळतं, पण मिळता मिळता हंगाम अर्धा होतो. जुनं थकलेलं असेल तर मिळतही नाही. खंडाने जमीन करणाऱ्याच्या नावावर सातबाराच नसतो, त्याचा तर प्रश्नच मिटला. आडत्या मात्र एका फोनवर पन्नास हजार पाठवतो. कागद नाही, जामीन नाही, कित्येकदा उघड व्याजही नाही. अट एकच आणि तीही न बोललेली: माल माझ्याच गाळ्यावर येईल. ज्याचे पैसे अंगावर आहेत त्यालाच माल द्यायचा, मग शेजारच्या गाळ्यावर दहा रुपये जास्त असले तरी बघून सोडायचं. व्याज त्या दहा रुपयांत वसूल होतं. पट्टीवर ते कुठेच दिसत नाही.

मामांची उचल दरवर्षी असते. "मागच्या साली तुमच्या मामीचं ऑपरेशन झालं ना," ते म्हणाले, "तेव्हा बँकेच्या साहेबाला रात्री फोन केला असता का मी?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हे नवं नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला, मुंबईच्या बाजारात कापसाला सोन्याचा भाव आला. दख्खनच्या शेतकऱ्याला कर्जं सहज मिळू लागली. युद्ध संपलं, भाव कोसळला, कर्ज राहिलं. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून सावकारांविरुद्ध दंगे सुरू झाले, आणि शेतकऱ्यांनी आधी काय केलं, तर कर्जाचे कागद जाळले. माल आणि कर्ज एकाच माणसाच्या हातात असलं की काय होतं, हे त्यांना पुरतं कळलेलं होतं.

बाजार समित्या जन्माला आल्या त्या याच दुखण्यावर औषध म्हणून. आपल्याकडे पहिला नियंत्रित बाजार वऱ्हाडात कारंजा इथे १८८६ साली सुरू झाल्याचं मानलं जातं, १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा आला. तेव्हाच्या सरकारला शेतकऱ्याचा कळवळा किती आणि इंग्लंडच्या गिरण्यांसाठी चांगल्या कापसाची निकड किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने १९६३ मध्ये कृषी उत्पन्न पणन कायदा केला. हेतू सरळ होता. हातावर रुमाल टाकून बोटांनी होणारे गुपचूप सौदे बंद व्हावेत, उघड लिलाव व्हावा, वजनकाटा तपासलेला असावा, पैसे लगेच मिळावेत. म्हणून माल आवारातच विकायचा आणि परवाना असलेल्यालाच विकायचा. मुंबईची बाजार समिती १९७७ ची. पुढे शहरातली गर्दी हटवायला घाऊक बाजार खाडीपलीकडे हलवले. कांदा-बटाटा १९८१ मध्ये गेला, भायखळ्याची भाजी आणि क्रॉफर्ड मार्केटची फळं १९९६ मध्ये.

नियमाचा एक दुष्परिणाम हळूहळू दिसला. परवाना आणि गाळा मर्यादित, म्हणून ज्याच्याकडे आहे त्याची मिरास झाली. बापाचा गाळा मुलाकडे, संचालक मंडळात त्यांचेच लोक. शेतकऱ्याला संरक्षण म्हणून बांधलेली भिंत नव्या व्यापाऱ्याला आत येऊ देईना.

मग कायदे बदलायची लाट आली. २०१४ च्या अखेरीस शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून आडत घ्यावी असा आदेश निघाला आणि स्थगित झाला. जुलै २०१६ मध्ये मात्र राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला, म्हणजे आवाराबाहेर कुणीही विकावं, कुणीही घ्यावं. आडतही खरेदीदाराकडे गेली. व्यापाऱ्यांनी बंद पुकारला, मुंबईत भाज्या कडाडल्या, मग बंद मिटला. पट्टीवरून आडतीचा रकाना गेला. मामांना किती फरक पडला? "थोडा पडला, कागदावर," ते म्हणतात. त्यामागचं कारण सोपं आहे. खरेदीदाराला एका क्रेटमागे आडतीसकट ४२४ रुपयेच मोजायचे असतील, तर पूर्वी तो ४२४ ची बोली लावायचा, आता ४०० ची लावतो. ज्याला माल आज विकायचाच आहे, त्याच्या खिशातून ती रक्कम जाते. वर नाव कुणाचंही असो.

‘बाहेर कुणालाही विका’ याची दुसरी बाजू द्राक्षवाल्यांनी भोगली. शिवार खरेदीला येणारा व्यापारी गोड बोलतो, पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख देतो, शेवटच्या पाच गाड्या उधारीवर नेतो आणि गायब होतो. ना परवाना, ना पट्टी. २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्रात असे बुडालेले पैसे वसूल करायला पोलिसांना वेगळी मोहीमच काढावी लागली. केंद्राचे २०२० चे तीन कृषी कायदे आले आणि २०२१ च्या नोव्हेंबरात मागे घेतले गेले, ती कहाणी सगळ्यांना माहीत आहे. मी एवढंच म्हणेन, की बाजूने आणि विरोधात बोलणारे दोन्ही गट ‘बाजार कुठे भरावा’ यावर भांडत होते. मामांचा प्रश्न ‘माल किती वेळ थांबेल आणि तोवर पैसे कोण देईल’ हा आहे.

थेट विक्रीचा प्रयोग मी स्वतः केलाय, म्हणून त्यावर जरा रेंगाळते. मे २०२० मध्ये वाशी मार्केट कोरोनामुळे आठवडाभर बंद होतं. आमच्या सोसायटीत भाजी मिळेना, मामांकडे भाजी पडून. मी आणि पाचव्या मजल्यावरच्या सावंत वहिनींनी ग्रुपवर यादी फिरवली. मामा आणि गावातले तिघे मिळून पिकअप घेऊन आले. पासची कटकट, नाक्यावर तपासणी, पण आले. पहिल्या आठवड्यात सोसायटी भारावून गेली. बायकांनी मामांना चहा दिला, कुणी त्यांच्याबरोबर फोटो काढले. आठशे किलो माल दोन तासांत संपला आणि मामांना वाशीपेक्षा जवळजवळ दुप्पट पैसे मिळाले.

दुसऱ्या आठवड्यात ग्रुपवर सुरू झालं. भेंडी नाही का? गवार कधी येणार? लिंबं? आलं? मिरची पाव किलोच हवी. फ्लॉवर परत द्यायचा आहे, आत अळी होती. तिसऱ्या आठवड्यापर्यंत मार्केट पुन्हा सुरळीत झालं, कोपऱ्यावर गाडी लागली आणि आमच्या एकशे दहा घरांपैकी सव्वीस घरांनी यादी भरली. मामा तीनशे किलो टोमॅटो घेऊन गेटवर उभे, खाली उतरलेल्या प्रत्येकाला हवा एकेक किलो. उरलेला माल त्यांनी शेवटी कुठे नेला? वाशीला. त्याच आडत्याच्या गाळ्यावर. तो एका शब्दानेही काही बोलला नाही, उतरवून घेतला.

घराला लागतात बारा प्रकारच्या भाज्या, अर्धा-अर्धा किलो. शेतकऱ्याकडे असतो एकच प्रकार, आठशे किलो, तोही दोन महिने. या दोन टोकांची सांधेजोड करणं, हजार जणांकडून गोळा करून लाख घरांत वाटणं, हे काम कुणाला तरी करावं लागतं. वाशीच्या त्या रात्री मला दिसलं ते हेच. जुन्नरची कोथिंबीर, नाशिकचा टोमॅटो, साताऱ्याचं आलं, परराज्यातला वाटाणा, सगळं दोन ते सहा या चार तासांत येतं, फुटतं आणि पुन्हा वेगळ्या पाट्यांमध्ये भरून घाटकोपर, दादर, विरारकडे निघतं. "बाजू, बाजू" ओरडत माथाडी अंगावरून जातात. त्या कोलाहलात मामा एका क्रेटवर बसून होते, त्यांच्या मालाचा सौदा चालू असताना. सौद्यात त्यांना कुणी काही विचारलं नाही. खटकलं मला ते. मामांना नाही.

मोठ्या कंपन्यांची संकलन केंद्रं आता गावाजवळ आली आहेत. दहा मिनिटांत भाजी आणून देणाऱ्या अॅपचा माल तिथूनही येतो. भाव बरा देतात, पैसे खात्यात. पण घेतात फक्त एकसारखा, डाग नसलेला माल, आणि त्या दिवशी लागेल तेवढाच. शंभरातले साठ क्रेट तिकडे गेले तर उरलेले चाळीस, बारीक आणि वेडेवाकडे, कुठे जातात हे आता सांगायला नको.

मग यातून कुणी सुटलंय का? सुटलंय, आणि त्यातलं सर्वांत मोठं उदाहरण मुंबईमुळेच घडलं. १९४५ मध्ये तेव्हाच्या मुंबई सरकारने शहराला दूध पुरवायची योजना काढली आणि खेडा जिल्ह्यातून दूध गोळा करायचा मक्ता पोल्सन या खासगी डेअरीला दिला. भाव डेअरी ठरवणार, शेतकऱ्याने मुकाट्याने घालायचं. शेतकरी वल्लभभाई पटेलांकडे गेले. त्यांचा सल्ला होता, स्वतःचा संघ काढा. जानेवारी १९४६ मध्ये मोरारजी देसाईंच्या उपस्थितीत सभा झाली, आणि शेतकऱ्यांनी पंधरा दिवस मुंबईला दूध दिलं नाही. डिसेंबर १९४६ मध्ये संघाची नोंदणी झाली. तोच पुढे अमूल झाला. त्रिभुवनदास पटेलांनी गावोगाव सोसायट्या उभ्या केल्या, कुरियन नंतर आले. आज ग्राहकाच्या रुपयातले ८० पैशांच्या आसपास उत्पादकाला देतो असं अमूल सांगते. टोमॅटोचे ३३ आठवा.

दूध तर कोथिंबिरीपेक्षाही नाजूक, मग तिथे कसं जमलं? संघाने वेळ विकत घेतली. गावात शीतकरण, पाठीमागे पावडर आणि लोण्याचा कारखाना. जास्त दूध आलं तर ते पावडर होऊन महिनोन्‌महिने थांबतं, भाव आपटत नाही. दुसरं म्हणजे दुधाची प्रत फॅट मोजून एका मिनिटात ठरते, वादाला जागा कमी. तिसरं, दूध वर्षभर रोज निघतं, म्हणून पैसेही नियमित येतात आणि उचलीची गरज कमी पडते. भाजीत यातलं एकही आपोआप होत नाही. नाशिकजवळ मोहाडीला विलास शिंदे आणि त्यांच्या सोबतच्या शेतकऱ्यांनी उभारलेली सह्याद्री ही शेतकरी उत्पादक कंपनी द्राक्षात आणि टोमॅटोत हेच करून दाखवते आहे: शीतगृह, निर्यात आणि पडेल भावाच्या काळात टोमॅटो रिचवायला प्रक्रिया कारखाना. अशा कंपन्या काढायची सोय कायद्यात २००२ च्या दुरुस्तीनंतर आली, नोंदणीही भरपूर झाली. त्यातल्या बऱ्याच कागदावर आणि एका गोदामावर थांबल्या आहेत, कारण शेअरचे हजार रुपये गोळा करणं सोपं आणि हंगामात शंभर जणांना त्याच दिवशी पैसे देण्याइतकं खेळतं भांडवल उभं करणं अवघड. आडत्याकडे ते असतं.

सरकार मधेच कसा धक्का देतं, तेही नोंदवून ठेवते. ८ डिसेंबर २०२३ ला कांदा निर्यातबंदी लागू झाली आणि बाजारात आलेल्या लाल कांद्याचा भाव घसरला. ती उठली मे २०२४ मध्ये. त्या काळात शेतकऱ्याचे जे गेले, ते कुठल्याच दलालाच्या पट्टीत सापडणार नाहीत. आपल्याकडे स्वस्त कांदा हा हक्क मानला जातो, म्हणून या विषयावर मुंबईत फार कुणी बोलत नाही.

मामांनी गेल्या वर्षी टोमॅटो निम्म्यावर आणला. अनुदान आणि थोडी गावच्या पतपुरवठा सोसायटीची रक्कम घालून बांधाकडेला कांदा चाळ बांधली, लोखंडी सांगाडा, खालून हवा खेळती. उन्हाळी कांदा काढून भरला आणि बसले. मामीला पटलेलं नव्हतं. रोज एक फेरी मारून सडका कांदा वेचून बाहेर टाकायची आणि मामांना ऐकवायची, की चाळ बांधायच्या पैशांत मुलीची स्कूटर आली असती.

ऑगस्टमध्ये मी गावी गेले होते. जेवणं झाली, ओसरीवर आडवे झालो, साडेदहाच्या सुमारास मामांचा फोन वाजला. पडद्यावर आडत्याचं नाव. मामांनी दोन रिंग जाऊ दिल्या.

"हा, बोला शेठ. नाही, अजून काढला नाही. बघतो... आठ दिवस बघतो."